पायबघे नाना

नाना कुठलंही जनावर पायापासून वर बघत. बाजारातला बैल असो, वाटेवरचं कुत्रं असो, नाहीतर पुस्तकातलं चित्र असो, त्यांची नजर आधी खुरांवर, पंजांवर, नखांवर जायची. मग गुडघे, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी तोंड. माणसांचंही तसंच. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या चपलांकडे इतका वेळ पाहिलं, की मी पाय साडीच्या काठाखाली ओढून घेतले. "तोंडाला खोटं बोलाया येतं बाई," ते म्हणाले, "पायाला न्हाई येत." आमच्या भागात सगळे त्यांना पायबघे नाना म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि नानांना त्याचं काही वाटत नसे.

अद्वैत, ऊर्वी, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आजी कशाखालीही तारीख आणि जागा लिहिल्याशिवाय राहत नाही, यावरून तुम्ही मला चिडवता. फोटोच्या मागे, लोणच्याच्या बरणीवर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी ते लिहितेच. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वह्या तपासल्या, त्यातून लागलेली ही सवय. पण या कागदांत तुम्हाला आमच्या गावाचं नाव सापडणार नाही. तुम्हाला ते ठाऊकच आहे. कागद मात्र हातातून सुटला की कुठे कुठे फिरतो, हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा एका जिवावर बेतलं होतं. बीड जिल्हा, धारूरच्या बाजूचा डोंगर, एवढंच पुरे.

नाना आष्टीकडचे धनगर. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे आणि माजलगावच्या उसाच्या पट्ट्याकडे जायचे. वाटेत आठ दिवस आमच्या पडीक रानात त्यांचा मुक्काम असे. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, जमीन सुधारते. त्याबद्दल आम्ही ज्वारी द्यायची, अशी तुमच्या आजोबांच्या वेळेपासूनची रीत. मेंढरांभोवती ते खुंट्या ठोकून सुताची जाळी लावत. तिला वाघूर म्हणतात. आजोबा गेल्यावर मला वाटलं होतं, आता हे येणार नाहीत. त्या वर्षीही दिवाळीनंतर अंगणात घोंगडी दिसली. "मालक न्हाईत, पर रान हाय न्हवं?" एवढंच म्हणाले.

तुम्ही एका खेपेला इथे एक जाड इंग्रजी पुस्तक विसरून गेलात. जगातल्या चमत्कारिक दिसणाऱ्या प्राण्यांचं, पानभर रंगीत फोटोंचं. ते नानांच्या नजरेस पडलं, आणि त्यानंतर दर मुक्कामाला दुपारची भाकरी झाली की ते हात धुऊन, सदऱ्याला पुसून ओसरीवर येत. "काडा बाई पुस्तक. आज कोन हाय?" मी वाचून मराठीत सांगायची, ते फोटोतल्या पायांवर बोट ठेवून ऐकायचे.

प्रत्येक प्राण्याबद्दल त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. "खातं काय? पिलू कसं संबाळतं? अन् भ्यालं म्हंजी काय करतं?" नाव, देश, वजन, आयुष्य याचं त्यांना काही नव्हतं. मी आधी नाव सांगायला लागले की हात वर करायचे. "नाव मानसानं ठिवलंय. त्ये राहू द्या." मी त्यांची तीन उत्तरं पानाच्या कडेला पेन्सिलने लिहू लागले. उत्तर पुस्तकात नसलं तर जागा रिकामी ठेवायची, असं आमचं ठरलं.

सायगा नावाचं एक हरीण आहे. सोंडेसारखं फुगीर, खाली लोंबणारं नाक. तो फोटो पाहून शेजारचा दत्ता खो खो हसला. दत्ता म्हणजे आमची शेती बघणारा. नानांनी खुरं पाहिली, मग बराच वेळ नाक. "ह्ये धुळीच्या रानात ऱ्हात असंल," ते म्हणाले. मी वाचलं तर खरंच तसं होतं. कळप धावताना उडणारी धूळ ते नाक गाळून घेतं, आणि थंडीत हवा गरम करून आत सोडतं. "मंग! माज्या मेंढरांना असलं नाक असतं तर खोकून मेली नसती. हसतोस काय बे दत्त्या? तुजं नाक काय कामाचं हाय सांग."

एकदा मात्र मीच हसले. खोल समुद्रातला एक मासा, थुलथुलीत, रडक्या तोंडाचा. त्याच्याखाली लिहिलं होतं, की हा पाण्याच्या प्रचंड दाबाखाली राहतो, वर ओढून काढला की त्याचं अंग असं सैल पडतं. नानांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग पुस्तक मिटून टाकलं. "त्येच्या घरी जाऊन फोटू काडायचा व्हता. मानूस पान्यात बुडवून, फुगल्यावर फोटू काडायचा, अन् म्हनायचं किती वंगाळ दिसतोय. ह्ये बरं हाय व्हय, बाई?" त्या दिवशी पुढचं पान उघडलं नाही.

मादागास्करच्या आय-आयचंही असंच. वटवाघळासारखे कान, टपोरे डोळे, आणि काडीसारखं लांब मधलं बोट. त्या बोटाने तो लाकूड ठोकून आतल्या अळ्या शोधतो. तिथले काही लोक त्याला अपशकुनी समजून मारतात, असं मी सांगितलं. नाना त्या बोटाकडे बघत राहिले. "कामाचं बोट हाय. ज्येच्या हाताला काम हाय त्येला अपशकुनी म्हनत्यात व्हय?"

मग खवले मांजराचं पान आलं. अंगभर शेंगेच्या सालीसारखे कडक, एकावर एक बसलेले खवले, लांब शेपूट, निमुळतं तोंड. मी तीन उत्तरं लिहिली. खातं: मुंग्या, वाळवी, दात नाहीत. पिलू: आईच्या शेपटावर बसून हिंडतं. भ्यालं की: गोळा होतं, तोंड पोटात घेतं, आणि उलगडत नाही. "म्हंजी उचलून न्यायला लई सोपं," नाना म्हणाले. मी वाचलं, की म्हणूनच जगात सगळ्यात जास्त चोरून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांत ते येतं. नानांनी पंजांवर बोट ठेवलं. "ह्ये आपल्यातबी हाय. माज्या बापानं बगितलतं. डोंगराला." मी मान डोलावली. मला खरं वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात, मुक्कामाच्या चौथ्या दिवशी, सकाळी मेंढरं आमच्या शेततळ्याच्या बांधाजवळ जाईनात. नाना वर चढून बघायला गेले, आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. "बाई, या. हळू या."

शेततळ्याला आतून काळं प्लास्टिक असतं, ते तुम्हाला आठवत असेल. पाणी मुरू नये म्हणून. त्यावर काही ठरत नाही. खाली पाण्याच्या कडेला पुस्तकातलं ते खवल्यांचं जनावर होतं. चार हात वर चढायचं, नखं निसटायची, पुन्हा घसरून पाण्यात. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. दत्ता दोर आणायला धावला. नाना म्हणाले, "दोर नगं. धरलं की गोळा व्हईल अन् बुडंल." त्यांनी वाघूर उपसून आणली, एक टोक बांधावरच्या खुंट्यांना बांधलं आणि बाकीची जाळी प्लास्टिकवर खाली सोडली. मग आम्हाला मागे सरकवून स्वतः उकिडवे बसले. मेलं की काय, असं वाटण्याइतका वेळ गेला. मग जाळी ताणली गेली. एक पंजा वर, मग दुसरा. ते स्वतःच चढून आलं, बांधावर आमचे पाय पाहिले, आणि गोळा झालं.

नानांनी ते घोंगडीत उचललं. "ह्ये अंदारात हिंडनारं जनावर हाय. थकलंय. आता सोडलं तर कुत्री फाडतील. दिस बुडाया लागला की डोंगराला सोडू." तेव्हा मी त्यांचा फोटो काढला. घोंगडी, तिच्यात तो खवल्यांचा गोळा, आणि तो धरलेले नाना.

यापुढचं मला लिहायला जड जातं, तरी लिहिते. मी वनखात्याच्या तालुक्याच्या कचेरीत फोन केला. "माणूस पाठवतो, पण तो डोंगरापलीकडे आहे, वेळ लागेल," असं उत्तर आलं. इथवर माझं बरोबर होतं. मग तुमच्यासाठी तो फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली नेहमीप्रमाणे तारीख लिहिली. आणि नेहमीप्रमाणे जागा लिहिली. गाव, तालुका, जिल्हा, सगळं नीट. घरातल्याच कुणीतरी कौतुकाने तो पुढे पाठवला, त्यांनी आणखी पुढे. तुम्ही पाठवला नाही, हे मला माहीत आहे. कोणी पाठवला ते मी विचारलं नाही, कारण जागा मी लिहिली होती.

दहाच्या सुमारास पहिल्या मोटारसायकली आल्या. अकरापर्यंत रानात पुन्हा लावलेल्या वाघुरीभोवती माणसांचं कडं झालं. कोणी म्हणे मगरीचं पिलू, कोणी म्हणे धरणातून आलं. मोबाइल वर धरून सगळे आत वाकत होते. वाघुरीच्या आत, कोकरं झाकायच्या डालग्याखाली नानांनी त्याला ठेवलं होतं, वर ओली घोंगडी टाकली होती, आणि स्वतः डालग्याला पाठ लावून बसले होते.

"नाना, बगितले का याचे पाय?" कोणीतरी ओरडलं.

"बगितले. तुज्यापरीस सरळ हायेत."

"एक खवला द्या की नाना. पोराच्या गळ्यात बांधतो, भ्या वाटत न्हाई म्हनत्यात."

"आदी तुजं एक नख उपटून दे. मंग बघू."

लोक हसले. मला मात्र ते हसणं नको वाटत होतं. कडं दर घटकेला एक पाऊल आत येत होतं. दत्ता काठी घेऊन लोकांना मागे सारत होता, आणि मी ओसरीवरून दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघत होते. कचेरीचा माणूस एकदाचा यावा आणि ही जबाबदारी कागदावर घेऊन जावा, एवढंच मला हवं होतं.

जेवणवेळेला गर्दी जरा पांगली, तेव्हा तुरीच्या बांधाने दोघं आले. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. त्यातला जाडसर माणूस बोलत होता, दुसऱ्याच्या खांद्याला रिकामी पिशवी होती. "मॅडम, वनखातं. वरच्या चौकीतून चालत आलो. अख्खा डोंगर उतरून." माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्यांनी पत्र दिलं. मी चष्मा लावला. इंग्रजी स्वच्छ होतं. वर खात्याचं नाव, खाली सही, शिक्का, आजची तारीख. सगळं जागच्या जागी. मी आतून कागद आणला आणि माझ्या अक्षरात पावती लिहायला बसले. एक जिवंत खवले मांजर ताब्यात दिलं, वगैरे.

"साहेब," नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "नेऊन त्येला खाया काय घालनार?"

"काळजी नको म्हातारबा. दूध-भाकर घालू. सगळं खातं ते."

हे मी ऐकलं. मुद्दाम सांगते, की मी ते ऐकलं. कडेला पेन्सिलने मीच लिहिलं होतं, दात नाहीत. माझं पेन क्षणभर थांबलं. मग मी पुन्हा त्या शिक्क्याकडे पाहिलं, आणि पुढे लिहू लागले.

नाना उठले नाहीत. "दूध," ते नुसते म्हणाले. त्यांची नजर त्या दोघांच्या पायांवर होती. "साहेब, मला आत्ता द्यायचं न्हाई. दिस बुडू द्या."

जाडसर माणूस ओसरीच्या पायरीवर चढला आणि त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात माझाच फोटो होता, खाली माझंच लिहिलेलं. तो आवाज खाली आणून बोलला. "हे तुम्ही टाकलंत ना, मॅडम? म्हाताऱ्याच्या हातात जनावर दिसतंय. जामीन होत नाही याला. तो तर जाईलच आत, तुमचंही नाव घ्यावं लागेल. शिक्षिका ना तुम्ही? बघा."

मी पावतीवर सही केली. सवयीने खाली तारीख आणि जागाही लिहिली. आणि वर्गात वापरायचे त्या आवाजात म्हणाले, "नाना, देऊन टाका. कायदा आहे तो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. मी घरातल्या सपाता घालून ओसरीच्या अगदी कडेला उभी होते, पण एक पायरीसुद्धा खाली उतरले नव्हते. त्या सपातांकडे त्यांनी पाहिलं. मग ते उठले, कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर हळदीचा भंडारा काढला, डालगं उचलून त्या गोळ्यावर उधळला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

"बिरोबाला सोडलंय," ते मोठ्याने म्हणाले. "आता ह्ये माजंबी न्हाई, बाईचंबी न्हाई."

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. बिरोबा धनगरांचा देव. इकडे देवाच्या नावाने सोडलेल्या जनावराला कोणी विकत नाही, कापत नाही, बांधून ठेवत नाही. सकाळपासून त्याच्या एका खवल्यासाठी हात पुढे करणारी माणसं दोन पावलं मागे झाली. दत्ताच्या ते आधी लक्षात आलं. त्याने काठी वाघुरीच्या तोंडावर आडवी धरली.

"साहेब, भंडारा पडलाय. जोडे घालून आत जाता येत न्हाई."

"सरकारी कामात अडथळा आणतोस काय बे?"

"आडवत न्हाई. जावा की. जोडे काढून जावा."

माणसं गोळा होऊ लागली होती. जाडसर माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि बूट काढले, मोजेही काढले. तोवर मला काहीच दिसलं नव्हतं. आता दिसलं. मार्गशीर्षात आपला डोंगर नुसत्या कुसळांनी भरलेला असतो. गवताच्या त्या टोकदार बिया दहा पावलं चाललं तरी मोज्यात, धोतरात, साडीच्या काठात शिरतात, आणि मग तासभर वेचत बसावं लागतं. अख्खा डोंगर उतरून आलेल्या माणसाचे मोजे दुकानातून आणल्यासारखे स्वच्छ होते.

तो आत शिरला. रानात सराटे होते, तीनतीन काट्यांचे. नाना रोज अनवाणी त्यावरून चालत. हा माणूस तिसऱ्या पावलाला वाकला, चौथ्याला पाय धरून एका पायावर उभा राहिला. कोणी हसलं नाही. नाना डालग्यापाशी हात जोडून शांत उभे होते.

"या की साहेब. डोंगर उतरून आलाव न्हवं? चारच तर पावलं ऱ्हायली."

तो आला नाही. बूट हातात घेऊन बाहेर पडला, आणि नानांकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हाताऱ्या, रात्र आहे अजून." ते पत्र त्यांनी माझ्या हातातून ओढून नेलं. माझी सही केलेली पावती टेबलावरच राहिली. दत्ता मोटारसायकलवरून मागोमाग गेला आणि येऊन म्हणाला, "बाई, मोठ्या रस्त्याला पांढरी जीप हुबी हाय. पाटीवर चिखल फासलाय. गेले न्हाईत त्ये, बसून हायेत."

त्यानंतरचे तीन तास माझ्या आयुष्यातले लांब तास होते. मी कचेरीला पुन्हा फोन केला, पोलिसांना केला, मग बसवेना म्हणून पायऱ्या उतरून रानात गेले आणि डालग्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. नानांनी थोडं सरकून मला सावलीत जागा दिली.

साडेचारला डोंगराच्या बाजूने एक मुलगी आली. एकटी, घामाने भिजलेली. वनरक्षक होती. वाघुरीपाशी येऊन ती आधी मटकन खाली बसली आणि मोज्यातली कुसळं उपटू लागली. मोज्यांचा रंग दिसत नव्हता. दम घेऊन तिने खिशातून ओळखपत्र काढलं. मी हात पुढे केला, पण नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. बगितलं." आणि त्यांनी डालगं उचललं.

पोलीस येईपर्यंत जीप निघून गेली होती. तरी डोंगराच्या वाटेवर कोणी बसलं असेल, ही भीती होतीच. वनरक्षक मुलगी म्हणाली, "माग काढत येतील." नानांनी कळपाला शीळ घातली. "मेंढरं मागनं चालली की माग ऱ्हात न्हाई." दिवस मावळायला आला होता. पुढे ती मुलगी, मध्ये घोंगडी छातीशी धरलेले नाना, आणि आमच्या पावलांवरून शेकडो खुरं. मी निघाले तेव्हा मला वाटलं होतं, की ते मला मागे ठेवतील. ते म्हणाले, "चला. चूक तुमची हाय, वझंबी तुमीच घ्या. पर ही जागा लिवायची न्हाई, बाई. कुटंच."

त्या जागी घोंगडी जमिनीवर ठेवून आम्ही लांब बसलो. गोळा हलत नव्हता. नाना खालच्या आवाजात म्हणाले, "मेंढरू भ्यालं की कळपात घुसतं. ह्ये भ्यालं की गोळा व्हतं. तुमी भ्याला की कागूद बगता."

त्यात राग नव्हता. सायगाच्या नाकाबद्दल बोलायचे त्याच आवाजात ते बोलले होते. म्हणूनच ते मला इतकं लागलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि तुम्ही नाना? तुम्ही भ्यालात की काय करता?"

ते हसले. "मी? मी पाय बगतो. लहानपनी लई भित्रा व्हतो. कुनी वरडलं की मान खाली घालून हुबा ऱ्हायचो. खाली काय दिसनार? पाय. बगून बगून कळाया लागलं. लोकांना वाटतं, लई पारखी मानूस हाय."

तेवढ्यात घोंगडीवर एक खवला उचलला गेला. मग तोंड बाहेर आलं. ते वास घेत राहिलं, मग मागच्या पायांवर जरासं उभं राहिलं, पुढचे पंजे छातीशी धरून, एखाद्या म्हाताऱ्याने हात गुंफावेत तसं. पाठीवर भंडारा अजून पिवळा होता. मग ते निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मुक्काम हलवला, चार दिवस आधीच. "मी इतं बसलो तर लोक माज्या मागनं डोंगर हुडकतील," ते म्हणाले. जाताना वाघुरीचा एक तुकडा शेततळ्यात तसाच सोडून गेले, वरची गाठ आवळून. पुस्तकाकडे त्यांनी एकदा पाहिलं. "अर्दं ऱ्हायलं."

पुढच्या वर्षी कळपाबरोबर त्यांचा मुलगा आला. पावसाळ्यात नाना गेले होते. मुलगा अंगणात उभा राहून म्हणाला, "दादांनी जाताना एक निरोप सांगितला. म्हनले, बाईनं लिवलं का त्येवढं इचार. काय त्ये मला सांगितलं न्हाई."

"नाही लिहिलं म्हणावं," मी म्हणाले. मग लक्षात आलं, की निरोप परत न्यायला आता जागा नाही. मुलगा म्हणाला, "मंग झालं तर," आणि खुंट्या ठोकायला गेला.

शेततळ्यातली जाळी मी दर वर्षी बदलते. आजूबाजूच्या चार तळ्यांतही दत्ता तशाच सोडून आला आहे. पुस्तक या पत्राबरोबर पाठवते आहे. उरलेली पानं मी एकटीने वाचली आणि तीन उत्तरं लिहिली. पुस्तकात नव्हती तिथे रिकामं ठेवलं. खवले मांजराच्या पानात माझी सही केलेली पावती घातली आहे, गावाचं नाव तेवढं खोडून. ती मी फाडली नाही, तुम्हीही फाडू नका. नानांचा तो फोटोही तिथेच आहे, त्याखाली तारीख आहे. त्याखाली लिहिलं आहे, जागा, आणि त्यापुढे काही नाही. वनरक्षक मुलीची बदली झाली. त्या संध्याकाळी तिथे बसलेल्या तिघांपैकी या गावात आता मी एकटीच आहे.

फोनवर विचारू नका, मी सांगणार नाही. या, आपण चालत जाऊ. माझे गुडघे अजून तेवढी चढण चढतात. येताना मोजे जाड आणू नका, साधेच आणा. लागली कुसळं तर लागू देत.